शंभर पानी वही आणि पगाराचा हक्क: नागपुरात नोकरी करणाऱ्यांसाठी

माझ्या कपाटात एक शंभर पानी वही आहे. निळं कव्हर, दुमडलेले कोपरे, मधल्या पानांवर घामाने पसरलेली शाई. त्यातली एक नोंद अशी: "१२ मे. आलो ८.४०. निघालो रात्री ९.१५. तीन ट्रक खाली केले. जेवण दीड वाजता, वीस मिनिटं." कळमन्याकडच्या एका गोदामात मी दोन वर्षं होतो. नेमणूकपत्र नव्हतं, पगार रोख मिळायचा, सही एका कच्च्या रजिस्टरमध्ये व्हायची. नोकरी सोडली तेव्हा शेवटचा दीड महिन्याचा पगार अडवला गेला आणि मलाच विचारलं गेलं, "तू इथे कामाला होतास याला पुरावा काय?" कामगार अधिकाऱ्यासमोर मी ती वही उघडली. तारखा, वेळा, ट्रकचे नंबर. समोरच्या माणसाचा आवाज खाली आला आणि तीन आठवड्यांत माझे पैसे मिळाले.

वही लिहायची सवय मोठ्या बहिणीने लावली होती. ती बुटीबोरीला कारखान्यात होती आणि हे सगळं माझ्याआधी भोगून बसली होती. तेव्हापासून ओळखीतलं कोणी नवीन कामाला लागलं की मी त्याला हेच सांगतो: कायद्याने बरंच दिलंय, पण ते हातात येतं कागदाच्या वाटेने. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत हक्क कोणता आणि त्याचा कागद कोणता, हे दोन्ही सांगतोय.

आधी कायद्याचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या: वेतन संहिता २०१९, आणि २०२० सालच्या औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती या तीन संहिता. २९ जुने कायदे त्यांच्यात सामावले गेले. जुन्या कायद्यांखालचे जे नियम नव्या संहितांशी विसंगत नाहीत, ते तसेच चालू राहतात. त्यामुळे "जुना कायदा गेला, नवा आलाच नाही" असं कोणी ऐकवलं तर मान डोलावू नका.

पहिली पायरी: मालक कोण, माणसं किती

हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढा. हिंगणा एमआयडीसीतल्या एका तरुणाने मला विचारलं होतं, "भाऊ, गेटवर कंपनीचं नाव आहे ना, मग कागद कायले पाहिजे?" त्याचा मालक कंत्राटदार होता आणि त्याला सहा महिने ते ठाऊकच नव्हतं. ओळखपत्रावर, पगाराच्या बँक एन्ट्रीवर, पीएफच्या पासबुकात कोणाचं नाव येतं ते बघा. मालक तो. पण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे पक्कं लक्षात ठेवा. "ते कंत्राटदाराला विचार" एवढं बोलून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

माणसं किती, हेही मोजा, कारण हक्क आकड्यावर ठरतात. पगार वेळेवर मिळणं, किमान वेतन मिळणं, बेकायदा कपात न होणं हे सगळ्यांना लागू आहे. इतवारीतल्या दोन नोकरांच्या दुकानालाही. पूर्वी वेतन वेळेवर देण्याचा कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. आता ती मर्यादा उरली नाही. ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) साधारणपणे १० माणसांपासून, पीएफ आणि बोनस २० पासून.

तिसरी गोष्ट, सरकार कोणतं. रेल्वे, कोळसा खाणी, बँका, विमानतळ इथल्या कामासाठी केंद्राचे कामगार आयुक्त. कारखाना, दुकान, गोदाम, हॉटेल, खासगी दवाखाना यांच्यासाठी राज्याचे. दोघांचीही कार्यालयं नागपुरात आहेत. चुकीच्या दारात अर्ज दिला की महिनाभर फुकट जातो.

दुसरी पायरी: नेमणूकपत्र मागणं

१० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. मागायला लाज कसली? त्यात पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि कामाचं ठिकाण एवढं तरी असायला हवं. छोट्या दुकानात मालक पत्र देत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक साधा, आदराचा मेसेज टाका: "शेठ, मी १ तारखेपासून आपल्याकडे १६,००० पगारावर कामाला लागलो आहे. वेळ सकाळी १० ते ७ ठरली आहे. काही चुकलं असेल तर सांगा." शेठ "ठीक आहे" म्हणाले की तुमच्या हातात एक कागद आला.

तिसरी पायरी: पगाराची स्लिप वाचणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक माणसं स्लिपवरचा सगळ्यात खालचा आकडा बघून ती घडी घालून ठेवतात.

वेतनचिठ्ठी मिळणं हा हक्क आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत हातात किंवा खात्यात आला पाहिजे. आता स्लिपच्या डाव्या बाजूला बघा. समजा एकूण २०,००० आहेत: मूळ वेतन ७,००० आणि उरलेले १३,००० घरभाडं, प्रवास, असले भत्ते. पीएफ आणि ग्रॅच्युइटी ज्या "वेतना"वर मोजतात ते लहान ठेवण्यासाठी अशी मांडणी वर्षानुवर्षं होत आली. नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनात धरला जातो. म्हणजे या उदाहरणात वेतन ७,००० नाही, १०,००० धरायचं. ७,००० वर तुमच्याकडून १२ टक्क्यांनी ८४० रुपये पीएफ जात होता. १०,००० वर १,२०० जातो. हातातला पगार ३६० ने कमी दिसेल, पण मालकालाही तेवढेच जास्त भरावे लागतात आणि पुढे ग्रॅच्युइटीही १०,००० वर मोजली जाते.

उजवी बाजू कपातीची. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, उचल, आयकर या कपाती चालतात. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असतो. २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईकडून तो कापायचाच नसतो. सीताबर्डीतल्या एका शोरूममध्ये काम करणाऱ्या, माझ्या भाचीच्या मैत्रिणीचे १६,००० पगारावर दर महिन्याला २०० कापत होते. तिने नियम दाखवल्यावर मागचेही परत मिळाले.

सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांहून जास्त होता कामा नयेत. दंड घ्यायचा तर कशाबद्दल घेणार ते आधी जाहीर केलेलं असावं, तुम्हाला बाजू मांडायची संधी मिळावी, आणि तो त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. "तीन दिवस दहा मिनिटं उशीर, म्हणून अर्धा दिवस कापला" हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. पण गैरहजेरीची कपात जितका वेळ गैरहजर तितक्याच प्रमाणात करता येते. अर्ध्या तासासाठी अर्धा दिवस हे गणित कायद्यात बसत नाही. फुटलेल्या मालाचे पैसे कापायचे तर तो माल तुमच्या ताब्यात दिलेला असावा आणि नुकसान तुमच्याच हलगर्जीने झालेलं असावं.

किमान वेतनाचा दर बघताना मात्र एक चूक हमखास होते: कोणीतरी फॉरवर्ड केलेला जुना तक्ता बघितला जातो. महाराष्ट्रात मूळ दराच्या वर विशेष भत्ता असतो आणि तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महागाईप्रमाणे बदलतो. उद्योग कोणता, काम कुशल की अर्धकुशल की अकुशल, आणि ठिकाण कोणत्या परिमंडळात, या तिन्हींवर दर ठरतो. शहरातला दर आणि तालुक्याच्या गावातला दर वेगळा असू शकतो. राज्य कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावरून चालू सहामाहीचा तक्ता काढा आणि मूळ वेतन अधिक विशेष भत्ता मिळून तुलना करा. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, हेही वेतन संहितेने बंद केलं आहे.

चौथी पायरी: तास मोजणं

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खातं सांभाळत होते आणि १९४६ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथल्या माणसाने हे ४८ तास सहज सोडून देऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

कामाचा दिवस ८ तासांचा. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. ओव्हरटाइम तुमच्या संमतीनेच, आणि त्याचा दर दुप्पट. आता हे गणित वहीत लिहूनच घ्या. महिन्याचं वेतन १५,६०० असेल तर २६ ने भागून दिवसाचे ६००, ८ ने भागून तासाचे ७५. ओव्हरटाइमचा तास १५० चा. रोज १२ तास उभा राहणारा माणूस ४ तास जास्तीचे करतो, म्हणजे दिवसाचे आणखी ६००. २६ दिवसांचे १५,६००. बारा तासांची ड्युटी म्हणजे कायद्याच्या हिशेबाने दोन पगार! हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा माझ्या गोदामातल्या दोन वर्षांचा हिशेब करून बसलो होतो, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून वही. रोज चार गोष्टी लिहा: आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, आणि त्या दिवसाचं एखादं ठळक काम. ते काम लिहिणं फार महत्त्वाचं, कारण नुसत्या वेळा कोणीही बसून लिहू शकतो, पण ट्रकचा नंबर, बिलाचा क्रमांक, कोणत्या मशीनवर होतो हे पडताळता येतं. फोनचं लोकेशन, ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज, बसचं तिकीट हेही जपून ठेवा. वहीतलं पान फाडू नका आणि मागाहून खाडाखोड करू नका.

बायकांना रात्री ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी कामावर बोलवायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची असते. "गाडी नाही, पण ये" हे चालत नाही.

पाचवी पायरी: पीएफ आणि ईएसआय स्वतः तपासणं

पीएफ ही नागपूरला परकी कल्पना नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या इथल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला होता. देशभराचा पीएफ कायदा १९५२ चा. आज तुमच्या वेतनातून १२ टक्के जातात आणि मालक १२ टक्के भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. १५,००० पर्यंत वेतन असेल तर सदस्यत्व सक्तीचं.

स्लिपवर कापलेले दिसतात म्हणून भरले गेलेच असं नाही. युएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, मागा, तो आधारला जोडा, उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. मागच्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. दर तीन महिन्यांनी पासबुकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवत जा. दोन महिने सलग कोरे दिसले तर आधी मालकाला लेखी विचारा, मग पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाका. मालकाचा वाटा तुमच्या ठरलेल्या पगारातून कापणं बेकायदा आहे; कुठे कुठे २४ टक्के कामगाराच्याच माथी मारलेले मी बघितले आहेत.

ईएसआय महिना २१,००० पर्यंतच्या वेतनाला. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्या पावणेएक टक्क्यात पूर्ण कुटुंबाचा उपचार येतो. सोमवारी पेठेत त्याचं रुग्णालय आहे. आजारी पडलात आणि अंशदानाच्या, म्हणजे वर्गणीच्या सहा महिन्यांच्या, काळात ७८ दिवसांचा भरणा असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने रक्कम मिळते. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंतचा दर ९० टक्के. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. रोज बुटीबोरीला वर्धा रोडने दुचाकीवर जाणाऱ्यांनी हे घरच्यांनाही सांगून ठेवावं. अपघाताची नोंद त्याच दिवशी, लेखी, आणि पोलीस कागदाची प्रत.

सहावी पायरी: सुट्ट्या, बाळंतपण, बोनस

वर्षात १८० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. ३० पर्यंत पुढच्या वर्षी नेता येतात. पूर्वी यासाठी २४० दिवस लागायचे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा त्याच्या कक्षेतल्यांना वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि ८ भरपगारी सणांच्या सुट्ट्या देतो. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पोळा की ईद की धम्मचक्र प्रवर्तन दिन, हे बाकीच्या चारांत आपसात ठरवायचं.

बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे, त्यातले प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त ८. दोन मुलं आधीच असतील तर १२ आठवडे. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरे. या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे. परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन जास्तीच्या सुट्ट्या.

बोनस म्हणजे दिवाळीची मिठाईची पेटी नव्हे. ठरलेल्या पगारमर्यादेत असाल आणि वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर किमान ८.३३ टक्के, कंपनी तोट्यात असली तरी.

लैंगिक छळाबद्दल थोडक्यात पण नीट ऐका: १० किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. मेसेज पुसून टाकू नका, राग आला तरी.

सातवी पायरी: सोडताना किंवा काढल्यावर

राजीनामा दिलात किंवा काढलं गेलं, दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाचा सगळा हिशेब चुकता व्हायला हवा. "४५ दिवसांनी फुल अँड फायनल" ही कंपनीची सवय आहे, कायदा नाही. राजीनामा ईमेलने किंवा पोचपावती घेऊन द्या आणि कोऱ्या कागदावर, "सर्व हिशेब मिळाला" अशा ओळीखाली, पैसे हातात येण्याआधी सही करू नका. ही एक सही नंतर सगळ्यात जास्त नडते.

पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षानंतरच. सूत्र असं: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,००० वेतन आणि ६ वर्षं असतील तर साधारण ६२,३०७ रुपये. शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त झालं असेल तर पूर्ण धरतात. रक्कम ३० दिवसांत, नाही तर व्याजासकट. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराची छाटणी करायची असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन.

आठवी पायरी: तक्रार

आधी मालकाला मागणीपत्र. रागाचा एकही शब्द नको. असं लिहा:

"मी आपल्याकडे दि. … ते दि. … या काळात … या पदावर काम केले. माझे … महिन्याचे वेतन रु. … आणि … तासांचा ओव्हरटाइम रु. … आजपर्यंत मिळालेला नाही. सोबत हजेरीच्या नोंदी जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत रक्कम खात्यात जमा करावी, ही विनंती."

स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला टाचा. उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून कामगार कार्यालयात अर्ज द्या. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि अधिकारी थकलेल्या रकमेच्या वर दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. कामावरून काढल्याचा वाद असेल तर दोन वर्षांची मुदत धरा.

मला सगळ्यात धीर देणारं कलम वेतन संहितेतलं ५९ वं आहे. वेतन मिळालं नाही किंवा कमी मिळालं असा दावा केलात की ते दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. पण तुम्ही तिथे कामाला होतात हे दिसायला लागतंच, आणि वही तिथे बोलते.

वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर आधी विचारता येतं.

सुनावणीच्या दिवशी मूळ वही स्वतःजवळ ठेवा, झेरॉक्सचे तीन संच न्या, बँकेचं स्टेटमेंट आणि आधार सोबत असू द्या. समोरची बाजू तडजोडीची रक्कम बोलली तर लगेच हो म्हणू नका. बाहेर येऊन वहीतला आकडा बघा, घरी एक फोन करा, मग आत जा. पुढची तारीख मिळाली तर ती तिथेच, त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या.